पिनबॉलचा ऑक्टोबर

मुंबईत ऑक्टोबरला कुणी ऋतू म्हणत नाही. पाऊस गेलेला असतो, थंडी तर येणारच नसते, आणि मधल्या या उन्हाला आपलं म्हणावं असं कुणालाच वाटत नाही. गच्चीवर गाद्या पडतात. कपाटं उघडली की बुरशीचा वास बाहेर येतो. पावसात फुगून बसलेली दारं एक दिवस अचानक सहज लागायला लागतात. आमच्या मुलुंडच्या खिडकीतून डोंगर दिसतो, तो याच दिवसांत कडेकडेने पिवळा पडू लागतो. मला हा महिना आवडतो असं नाही. बाकीच्या महिन्यांपेक्षा तो जास्त ओळखीचा आहे, एवढंच.

एका वर्षी मी ऑक्टोबरला बसले होते. हा शब्दप्रयोग आता कुणी वापरत नाही. मार्चमध्ये बारावीला नापास झालेली मुलं तेव्हा ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा द्यायची, आणि त्याला ‘ऑक्टोबरला बसणं’ म्हणायचे. ‘काय करते तुमची सुजाता?’ असं कुणी विचारलं की आई म्हणायची, ‘ऑक्टोबरला बसलीय.’ पुढे काही विचारायची गरज उरत नसे.

बाबा परभणीकडच्या एका खेड्यातून आलेले, ट्रॉम्बेला नोकरीला. त्यांच्या घरात शाळा पूर्ण करणारे ते पहिले. आमच्याकडे शिक्षणाचा विषय निघाला की आवाज खाली यायचा, देवळात येतो तसा. मी गणित आणि फिजिक्स दोन्हींत गेले तेव्हा बाबा रागावले नाहीत. जेवताना बोलायचे बंद झाले. रविवारी विहारात गेले की मागे बसायला लागले. दसऱ्याला ते दर वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. त्या वर्षी यंदा रजा मिळायची नाही म्हणून त्यांनी आधीच सांगून टाकलं. रजा शिल्लक होती, हे आईला माहीत होतं आणि मलाही.

घरात अभ्यास होईना. पुस्तक उघडलं की डोळ्यांना पाणी यायचं. शेवटी आईनेच ठरवलं आणि पावसाळा सरता सरता मला विमलआत्याकडे अंधेरीला पाठवलं.

विमलआत्या बाबांची धाकटी बहीण. टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर. तेव्हा परगावी फोन लावायचा तर आधी ऑपरेटरला नंबर द्यावा लागे, मग ती जोडून देई. आत्या कानाला हेडफोन लावून दिवसभर ते काम करायची. लग्न झालं होतं तिचं, पण दोन वर्षांत ती नवऱ्याचं घर सोडून आली होती. का आली ते मोठ्या माणसांना माहीत असावं, आम्हाला कुणी सांगितलं नाही. सरकारी क्वार्टरमध्ये एकटी राहायची. बोलायला तुटक, स्वयंपाकाला झटपट. सकाळची पाळी करून दुपारी घरी आली की जेवायची, तोंडावर पाणी मारायची, साडी बदलायची आणि बाहेर पडायची.

पहिले दोनतीन दिवस ती कुठे जाते हे मला कळलं नाही. चौथ्या दिवशी मी पुस्तकापुढे रडत बसले होते. ती दारात थांबली, चप्पल घातलेली.

‘‘ऊठ गं सुजे. तोंड धू. चल.’’

‘‘कुठे?’’

‘‘चल म्हटलं ना.’’

अंधेरी पश्चिमेला, जुहूकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गेमचं दुकान होतं. आत अंधार, पंखे, सिगारेटचा वास आणि कॉलेजातली मुलं. बहुतेक मशीन व्हिडिओ गेमची, पडद्यावर विमानं पाडायची. आत्या त्यांच्याकडे न बघता सरळ मागच्या भिंतीशी गेली. तिथे एकच पिनबॉलचं मशीन होतं. काचेखाली उतरतं टेबल, त्यावर दिवे, घंट्या, रबराचे खांब. उजव्या बाजूचा दट्ट्या ओढून सोडला की लोखंडी गोळी वर उडायची आणि खांबांवर आपटत, दिवे लावत खाली यायची. तळाशी दोन छोटे पट्टे. मशीनच्या दोन्ही कुशींवर एकेक बटण, ते दाबलं की तो तो पट्टा उसळून गोळीला पुन्हा वर धाडायचा. दोघांच्या मधून गोळी निसटली की गेली. पट्ट्यांना फ्लिपर म्हणतात हे मला फार नंतर कळलं. आत्या त्यांना हात म्हणायची. डावा हात, उजवा हात. उभ्या काचेवर सर्कसचं चित्र होतं. छत्री घेऊन तारेवर चालणारी एक बाई, आणि खाली वर बघणारे लोक.

आत्याने पर्स दोन पायांच्या मध्ये जमिनीवर ठेवली, पदर खोचला आणि खेळायला लागली.

खेळणाऱ्या बाईकडे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडच्या बायका सागरगोटे, फुगड्या वगैरे खेळायच्या, पण ते सणाचं आणि सगळ्यांसमोर. आत्या एकटी खेळत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती बटणं बडवत नव्हती. बाकी पोरं मशीनला लाथा घालायची, कमरेने ढकलायची. फार ढकललं की मशीन रुसायचं, दिवे विझायचे, हात मरायचे आणि गोळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली जायची. आत्या गोळी खाली आली की हात वर धरून ठेवायची. गोळी त्या पट्ट्याच्या कुशीत येऊन थांबायची. पूर्ण थांबायची. मग आत्या वर बघायची, कुठे मारायचं ते ठरवायची, आणि हात सोडून पुन्हा एकदा दाबायची.

‘‘आधी थांबव,’’ ती म्हणाली. ‘‘मग बघ. मग मार.’’

यातून अभ्यासाबद्दल किंवा आयुष्याबद्दल काही सांगायचं तिच्या मनात असेल, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ती गोळीबद्दल बोलत होती.

मग रोज दुपारी आम्ही जायला लागलो. ती आधी खेळायची, शेवटचे एकदोन डाव मला द्यायची. परतताना वर्सोव्याकडून वारा आला तर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा. आम्ही उसाचा रस प्यायचो. रस्त्यावरचं ऊन अंगाला चिकटायचं. घरी येऊन मी गणितं सोडवायला बसायचे आणि ती सुटायची. दोन्हींचा संबंध काय, मला माहीत नाही. कदाचित मला सारखं रडू येत नव्हतं, एवढंच झालं असेल.

विहारातल्या कुणीतरी आम्हाला दुकानातून बाहेर पडताना बघितलं. पुढच्या रविवारी बाबा अंधेरीला आले. आत्याने पाणी दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं.

‘‘विमल, हे काय ऐकतोय मी?’’

‘‘खरं ऐकतोयस, दादा.’’

‘‘पोरीचं वर्ष गेलंय.’’

‘‘माहितीय.’’

‘‘आणि तू तिला गेमच्या दुकानात नेतेस? बाया जातात का तिथं?’’

‘‘दोन जातात,’’ आत्या म्हणाली. ‘‘मी आणि ही.’’

बाबांनी पाण्याचा पेला आणखी बाजूला सरकवला. मग आत्याच म्हणाली, ‘‘बघायचंय का? चल. माझी जायची वेळ झालीय.’’ आणि तिने खरंच साडी बदलली.

बाबा आले, पण आत शिरले नाहीत. दुकानाच्या पायरीखाली उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री, पाऊस नसताना. मी दारात, दोघांच्या मध्ये. आत्याने पर्स खाली ठेवली, पदर खोचला. त्या दिवशी ती फार चांगली खेळली. पोरं आपापले गेम सोडून मागे गोळा झाली. मशीनने फुकटचा डाव दिला की आतून लाकडावर हातोडी मारल्यासारखा ठक् आवाज यायचा, तो दोनदा आला. आत्याने वळून पाहिलं नाही.

बाबांनी मला एकच विचारलं. ‘‘किती वेळ चालतं हे?’’

‘‘गोळी पडेपर्यंत.’’

त्यांनी मान हलवली. तो होकार होता की नाही, मला समजलं नाही.

संध्याकाळी ते मला मुलुंडला घेऊन गेले. आत्याने माझे कपडे घडी करून पिशवीत भरून दिले, पुस्तकं सुतळीने बांधली. ती एका शब्दाने बाबांना ‘राहू दे तिला’ म्हणाली नाही. त्याचं मला वाईट वाटलं होतं. भांडेल अशी माझी खात्री होती. नवरा सोडून आलेली बाई भावाशी भांडणार नाही, असं मला कसं वाटणार?

परीक्षा झाली. मी पास झाले. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले आणि पुढच्या दसऱ्याला नागपूरला गेले. माझं कॉलेज, बँकेतली नोकरी, शेखरशी लग्न, रोहनचा जन्म, सगळं रीतसर झालं. आत्याकडे जाणंयेणं राहिलं, पण पिनबॉलचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. बाबांमुळे तिने ते सोडलं असणार, असं मी धरून चालले. लोकांना मात्र मी ती गोष्ट सांगायचे. रडणाऱ्या भाचीला गेमच्या दुकानात नेऊन तिचं वर्ष वाचवणारी आत्या. बँकेत, लग्नांत, मैत्रिणींत. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीच्या नाटकाला जुना काळा फोन हवा होता. शेजारच्या नीताला अंधेरीतलं एक गोदाम माहीत होतं, शूटिंगला सामान भाड्याने देणारं. आम्ही दोघी गेलो. आत सिंहासनं, दवाखान्याच्या खाटा, पोलीस स्टेशनची बाकं, खोटी झुंबरं, आणि एका फळीवर नुसते फोन. नीता फोन निवडत होती. मी मागे फिरत गेले आणि एका ताडपत्रीखालून चार लोखंडी पाय दिसले. उतरते पाय. मागचे उंच, पुढचे बुटके. ताडपत्री उचलायच्या आधीच मला कळलं होतं.

तेच मशीन असतं तर गोष्ट छान झाली असती. ते नव्हतं. हे नंतरच्या काळातलं, आकडे लाल दिव्यांचे, आणि काचेवर समुद्राचा तळ. पाणबुड्या, ऑक्टोपस, उघडी पेटी.

गोदामाच्या मालकीणबाई सिंधी, सगळे त्यांना आंटी म्हणत होते. ‘‘चालू आहे ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण खेळतं कोण? हीरो लोक टेकून उभे राहतात, बस.’’

त्यांनी वायर लावली. दिवे लागले, सगळे नाही. मी पर्स खाली ठेवली. दोन पायांच्या मध्ये ठेवली, हे नंतर लक्षात आलं. पहिली गोळी सरळ मधून गेली. दुसरीही. तिसरी उजवीकडून घरंगळत आली आणि माझ्या बोटाने, मला न विचारता, बटण दाबून धरलं. गोळी पट्ट्याच्या कुशीत येऊन थांबली. मी तिच्याकडे बघत राहिले.

‘‘मॅडम, मारा ना,’’ आंटी म्हणाल्या.

पुढचे काही आठवडे मी काही ना काही निमित्त काढून गोदामात जात होते. शेवटी आंटीच म्हणाल्या, ‘‘बेटा, तू याला घरी घेऊन जा. माझी जागा मोकळी होईल.’’

शेखरला मी जेवताना सांगितलं. तो विजेच्या कंपनीतून निवृत्त झाला आहे आणि घरात नवीन वस्तू आली की आधी तिची जागा विचारतो.

‘‘ठेवणार कुठे?’’

‘‘रोहनच्या खोलीत.’’

‘‘आणि रोहन आला तर?’’

‘‘खेळेल.’’

‘‘सुजाता, आपण डायनिंग टेबल मोठं घेतलं नाही, जागा नाही म्हणून.’’

‘‘डायनिंग टेबलावर मला काही करायचं नाहीये.’’

तो हसला नाही, पण त्याने टेप घेऊन खोलीचं दार मोजलं.

मशीन टेम्पोतून आलं. पाय काढून, उभ्या काचेची पेटी टेबलावर दुमडून, चार माणसांनी जिन्याने चढवलं, कारण लिफ्टमध्ये ते मावेना. सोसायटीचे सेक्रेटरी खाली उभे राहून विचारत होते, ‘‘मॅडम, हे नक्की काय आहे? आवाज होणार का?’’ मी म्हटलं, होणार, दुपारी. ते विचारात पडले. दुपारच्या आवाजाबद्दल नियम नसावा.

डावा हात दुबळा होता. गोळी अर्ध्यावर जाऊन परत यायची. शेखरने दोन दिवस लांबून बघितलं, तिसऱ्या दिवशी काच उचलली, टेबल वर केलं आणि खालचा पसारा बघून ‘‘अरे बापरे’’ म्हणाला. तो ‘अरे बापरे’ मला ओळखीचा होता. लग्नानंतर पहिल्यांदा माझा पगार हातात घेऊन तो असंच म्हणाला होता. मग मीटर आला, टॉर्च आला, जेवायला बोलावलं की ‘‘आलो’’ यायला लागलं. एक कॉइल जळकी होती, ती त्याने बदलली. डाव्या हाताने पहिल्यांदा गोळी पार वरच्या ऑक्टोपसपर्यंत मारली तेव्हा आम्ही दोघांनी काहीतरी मोठं झाल्यासारखं एकमेकांकडे बघितलं. आणि मग तो म्हणाला, ‘‘आत्यांना आणूया.’’

आत्या आता बोरिवलीला असते, स्वतःच्या छोट्या फ्लॅटमध्ये. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आत्याचं शरीर काटक आहे, पण डोळे बिघडलेत. नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो आता जाणार नाही. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. माणसाशी बोलताना ती त्याच्या कानाकडे बघते, म्हणजे चेहरा दिसतो.

आम्ही तिला गाडीतून आणलं. काय दाखवायचंय ते मी सांगितलं नव्हतं. खोलीत आणून तिचे हात मशीनच्या कुशींवर ठेवले. बटणं तिची तिनेच शोधली.

‘‘अगं बाई,’’ ती म्हणाली. एवढंच.

मी दट्ट्या ओढला. आत्या मान तिरकी करून उभी राहिली. वर असेपर्यंत गोळी तिला दिसत होती, खाली मधोमध आली की नाहीशी व्हायची. पहिल्या दोन गोळ्या ती हलायच्या आत गेल्या. शेखरला राहवेना.

‘‘आत्या, मी सांगत जाऊ का? डावीकडे आली की डावं म्हणतो.’’

‘‘नको रे. बोलू नकोस.’’

तिसरी गोळी तिने एकदा मारली. कशी, ते मला कळलं नाही. मग तीही गेली. ती तशीच उभी राहिली, हात बटणांवर. मला भरून आलं होतं आणि इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलेली गोष्ट मी तिलाच सांगायला लागले. तू मला त्या दिवशी नेलं नसतंस तर मी पास झाले नसते, तू माझं वर्ष वाचवलंस, वगैरे.

‘‘मी कुठे नेलं तुला?’’ आत्या म्हणाली. ‘‘मी जात होते. तू रडत बसायचीस. तुला तशी टाकून जाता येईना, म्हणून घेऊन जायला लागले.’’

मी दट्ट्यावरचा हात काढून घेतला.

‘‘दिवसभर कानात लोक असायचे गं. हॅलो, हॅलो. कुणाचं कोण गेलं, कुणाला मुलगा झाला, कोण कुणावर ओरडतंय. घरी आलं तरी ऐकू यायचे. तिथे मला कुणी हॅलो म्हणत नव्हतं. त्यात तू आलीस. शेजारी उभी राहून सारखी विचारायचीस, आता काय, आता काय.’’

‘‘मग बाबा मला घेऊन गेले तेव्हा...’’

‘‘वाईट वाटलं,’’ ती म्हणाली. ‘‘आणि बरंही वाटलं. दोन्ही.’’

‘‘त्यानंतर तू जायचं सोडलंस ना?’’

‘‘कशाला सोडू? ते दुकान बंद होईपर्यंत जात होते. दादाला माहीत होतं. पुन्हा काही बोलला नाही तो.’’

मला वाईट वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही. इतकी वर्षं मी तिच्या दुपारी माझ्या नावावर सांगत होते. पण ती बोलली त्यात तक्रार नव्हती. कुणाचा तरी चुकीचा लागलेला नंबर दुरुस्त करून द्यावा, तसं तिने सांगितलं होतं. आणि तिला नको असतानाही, रोज, ती शेवटचे एकदोन डाव मला देत होती, हे माझ्या गोष्टीत इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं.

‘‘चहा टाकू?’’ मी विचारलं.

‘‘टाक. याला पण घेऊन जा.’’

शेखर आणि मी बाहेर आलो. मी दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात आधण ठेवलं. आतून दट्ट्याचा आवाज आला, खांबांची फटफट, मग गोळी गेल्याचा बद्द आवाज. पुन्हा दट्ट्या. पुन्हा बद्द. मध्ये बराच वेळ काहीच नाही, नुसती मशीनची घरघर. मग परत दट्ट्या, आणि या वेळी उजव्या हाताचा ठोका आला, मग डाव्याचा, मग शांतता. गोळी पडल्याचा आवाज आला नाही. ती कुठेतरी थांबली होती.

शेखर खुर्चीवरून उठायला लागला. ‘‘बघून येऊ का?’’

‘‘बस,’’ मी म्हटलं.

आम्ही आमचा चहा घेतला. तिचा कप मी बशीने झाकून ठेवला.